रुखवतातला लॅपटॉप

"आत काय हाय ते रुखवतात कोण बघतंय?"

मामा हे दुकानदाराला म्हणाला, मला नाही. मी त्याच्या मागे आईशेजारी, प्रिंटरच्या खोक्यांना टेकून उभी होते. बारामतीतल्या त्या दुकानात काउंटरवर दोन लॅपटॉप उघडून ठेवले होते. एक पातळ, गुलाबीसर, पडद्याला बोट लावलं की चालणारा. दुसरा काळा, जाडसर, दिसायला अगदीच ओबडधोबड. पण त्याचा प्रोसेसर चांगलाच वेगवान, म्हणून किंमत बारा हजारांनी जास्त. दुकानदार हा फरक समजावून सांगत होता आणि मामाने त्याला मध्येच तोडलं होतं.

माझं लग्न दिवाळीनंतरचं ठरलं होतं. स्थळ इंदापूरचं. आमच्याकडे मांडवात मुलीचं रुखवत मांडतात. कपाट, फ्रीज, भांड्यांची उतरंड, आणि त्यासमोरून मुलाकडच्या बायका सावकाश फिरतात. हल्ली त्यात लॅपटॉपही आला आहे. तो उघडा ठेवतात, पडद्यावर नवरा-नवरीचा फोटो लावतात. लग्न झाल्यावर त्या लॅपटॉपवर कुणी काम करताना मी पाहिलेलं नाही.

मला लॅपटॉप मांडवासाठी नको होता. शेळगावला घरी बसून मी पुण्याच्या एका इंटिरियरवाल्या फर्मचं काम करते. नकाशावरून हॉल, किचन, बेडरूम कॉम्प्युटरवर उभे करायचे, त्यात उजेड-सावली घालायची आणि शेवटी फोटोसारखं खरं वाटणारं चित्र काढून घ्यायचं. या शेवटच्या पायरीला रेंडर म्हणतात आणि माझ्याकडे ती सगळी प्रोसेसरवर चालते. माझा जुना लॅपटॉप एका हॉलला बसला की मी जेवून, भांडी घासून येते, तरी तो अर्ध्यावरच असतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, पडदे निळे करून दाखवा. की पुन्हा पहिल्यापासून. फर्ममधल्या बाई रागावल्या नव्हत्या, पण स्पष्ट बोलल्या होत्या: मशीन बदल, नाहीतर पुढचा बंगला मला दुसरीला द्यावा लागेल.

नुसत्या वेगासाठी जास्त पैसे मोजावेत का, यावर मी पुष्कळ डोकं चालवलं होतं. मेल बघायला आणि सिनेमे बघायला वेगवान प्रोसेसर घेणं म्हणजे पैसे पाण्यात. पण पुण्याला गेले तेव्हा माझीच फाईल मी फर्मच्या मशीनवर चालवून पाहिली होती. सांगितलेला चहा येईपर्यंत चित्र तयार. त्या दुकानातला सगळ्यात महागडा, रंगीत दिव्यांचा लॅपटॉप मी बघताक्षणीच सोडून दिला होता, कारण त्यातला बराचसा पैसा गेम खेळणाऱ्यांसाठी असतो. गुलाबीवरही प्रोसेसरचं मोठ्या आकड्याचं स्टिकर होतं, पण तो जुन्या पिढीचा, आणि अंग इतकं पातळ की तापला की आपोआप मंदावणार. मला काळा पुरेसा होता. वरचे बारा हजार एका बंगल्याच्या कामात वसूल झाले असते.

पैसेही माझेच होते, साठवलेले. एकटी येऊन घेऊन गेले असते. पण आईने कळंबला मामाला फोनवर सांगितलं आणि मामा अडून बसला. भाचीने स्वतःच्या पैशाने लॅपटॉप घ्यायचा, मग मामाने रुखवतात काय चमचे ठेवायचे? तेव्हापासून तो लॅपटॉप माझा राहिला नाही, मामाचा मान झाला.

मामा वाईट माणूस नाही. त्याने ट्रॅक्टर घेतला तेव्हा बारामतीपासून अकलूजपर्यंत सगळी शोरूम पालथी घातली होती. हॉर्सपॉवर, गिअर, डिझेल किती खातो, सगळं खोदून खोदून विचारलं होतं. तेव्हा त्याला कुठल्या सेल्समनने बॉनेटचा रंग कोणता आवडतो असं विचारलं नव्हतं. हे आठवून माझा राग अजून वाढत होता.

दुकानदाराने विचारलं, ताई काय करतात. विचारलं मामाला.

"घरीच असती. कॉम्प्युटरवर चित्रं काढती," मामा म्हणाला.

दुकानदाराने समजल्यासारखी मान हलवली, लेडीज हाच घेतात म्हणत गुलाबी पुढे सरकवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळून विचारलं, हा रंग चालेल की यातलाच चंदेरी दाखवू?

मी बोलले. प्रोसेसरबद्दलच बोलले, पण हळू, आणि घाबरल्यामुळे निम्मं इंग्रजीत. शाळा इंग्रजी, त्यामुळे असं होतं. मामाला मात्र केवढं कौतुक वाटलं.

"बघा, ही आमची इंग्लिश मीडियम. घरात बोलाय लागली की बातम्या लावल्यात असं वाटतंय."

दुकानदार हसला, आईसुद्धा हसली. मी काय म्हणत होते ते कुणी पुन्हा विचारलं नाही. वरचे पैसे मी घालते असं आईच्या कानात म्हटलं, तर तिने डोळे वटारले. चारचौघांत मामाला कमीपणा आणायचा का? तिकडे मामाचं ठरलंही होतं. त्या फरकात पाण्याचा फिल्टर येतो आणि फिल्टर इंदापूरकरांच्या रोज डोळ्यासमोर राहतो, असं तो दुकानदाराला पटवून देत होता. आतून गुलाबीचं बंद खोकं आणायला सांगितलं गेलं.

मग आईने मला बाजूला घेतलं. ती चिडलेली नव्हती, उलट समजूत घालत होती.

"कशाला एवढं ताणतीस? लग्नानंतर काम करायचं का न्हाय ते इंदापूरकर ठरवतील. न्हाय म्हणले, तर तो काळा ठोकळा घिऊन काय करायचं?"

मामाला प्रोसेसर कळत नाही असं मी इतका वेळ समजत होते. त्याला तो बरोबर कळला होता. काम चालू राहणार असेल तरच वेगाला पैसे घालायचे, एवढं ट्रॅक्टर घेणाऱ्याला कळतंच. माझं काम मांडवापर्यंतच, हे फक्त सगळे धरून चालले होते. इंदापूरकरांनी तसं म्हटलंही नव्हतं. बघायला आले तेव्हा त्यांनी शिक्षण विचारलं, उंची विचारली, भाकरी येते का विचारलं. कामाचंही विचारलं होतं, पण मी तोंड उघडायच्या आत मामाने सांगून टाकलं, करती सध्या थोडंफार. सध्या. पुढचं कुणी विचारलं नाही, कारण त्या एका शब्दात त्यांना उत्तर मिळालं होतं. माझ्या कामाची मुदत माझ्यासमोर ठरली होती आणि मला ते कळलंही नव्हतं.

खोकं आलं. दुकानदार टेप कापायला लागला. मामाने पैसे पाठवायला मोबाईल काढून काउंटरवरच्या कोडसमोर धरला. मी पुढे होऊन त्या कोडवर हात ठेवला. आवाज माझ्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघाला. दारात हेडफोन बघत उभा असलेला माणूससुद्धा वळून बघायला लागला.

"मामा, थांब. मला काळा पाहिजे, नाहीतर कुठलाच नको. लग्नानंतरही मी हे काम करणार आहे. इंदापूरला फोन लाव, मी सांगते."