रविवारची कॉपी

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याला लोक मिस्त्री म्हणतात, तसे यालाही म्हणत. पण याच्या टापटिपीची गल्लीत कीर्ती होती. स्क्रू काढला की डबीत, डबीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. मशीन न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने "जुनं शटल कुठाय हो?" असं नुसतं विचारायचा अवकाश, पुडी हातात पडे. या माणसाच्या हातून काही हरवेल असं कोणी म्हटलं असतं, तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

बारा वर्षांपूर्वी बायकोच्या बहिणीच्या मुलीने, जी एका कार्यालयात कॉम्प्युटरचं काम बघते, या दोघांना जुन्या शिलाई मशीनची एक वेबसाइट करून दिली. कुठून कुठून लोक प्रश्न विचारत. कोणाचा दोरा तुटे, कोणाचा टाका सुटे, कोणाची आईच्या वेळची मशीन फिरायलाच तयार नसे. फोटो काढायचा मिस्त्री आणि उत्तरं लिहायची बायको. मिस्त्रीला दोन ओळी लिहायच्या म्हणजे घाम फुटे. तिचं उलट. सुई कशी बसवायची हे विचारणाऱ्या बाईला सुईचं सांगून झालं की ती तिच्या सुनेशी जमतं का तेही विचारून घ्यायची. भाची तिला मावशी म्हणे, म्हणून साइटवर तेच नाव पडलं आणि बघता बघता तिच्याहून थोराड माणसंही तिला मावशी म्हणू लागली.

साइटची कॉपी घरी ठेवायची शिस्त भाचीनेच लावली होती. फोटो आणि साइटचं रूपडं फायलींमध्ये असतं, लिहिलेला मजकूर सगळा डेटाबेसमध्ये, आणि दोन्ही वेगवेगळे उतरवून घ्यावे लागतात, हे तिने दोघांना समोर बसवून घोटून घेतलं. मग घरात कामाची वाटणी झाली. शनिवारी बायको डेटाबेस लाल पेनड्राइव्हवर घेणार, रविवारी तो फायली काळ्या पेनड्राइव्हवर.

"माझ्यात लुडबुड करायची नाही, सांगून ठेवते," तिने बजावलं होतं. "मीही तुमच्यात करणार नाही."

मिस्त्रीने शब्द पाळला. पाळू नये इतका पाळला.

दोन वर्षांपूर्वी तीन आठवड्यांच्या आजारपणात ती गेली. साइटवरची उत्तरं थांबली, मिस्त्रीचे फोटो आणि रविवार मात्र थांबले नाहीत. ती गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मिस्त्री कॉम्प्युटरपुढे बसलेला पाहून शेजारीण म्हणाली, काय बाई दगडाचं मन आहे याचं! बिचाऱ्याला दुसरं काही सुचत नव्हतं, एवढंच.

सहा महिन्यांनी काळा पेनड्राइव्ह भरला. खणात लाल पडून होता. त्याने तो लावून पाहिला. आत एकच मोठी फाइल, उघडली तर कंस, आकडे, चिन्हं यांचा नुसता गुंता. तिने लिहिलेलं तर साइटवर रोज दिसतंय, मग हा पसारा कशाला, असं म्हणून त्याने ती पुसली आणि त्या जागी फोटो भरले. वाईट हेतू नव्हता हो. त्याला जागा रिकामी हवी होती.

पुढे ज्या कंपनीच्या सर्व्हरवर साइट होती तिने गाशा गुंडाळला. तसं कळवणाऱ्या तीन मेल आल्याही होत्या, पण मावशीच्या पत्त्यावर. तो पत्ता आता कोण उघडणार? एका सोमवारी मिस्त्रीने साइट उघडायला घेतली, तर समोर पांढरा पडदा.

भाची अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. दुकानातल्या टेबलावरच्या सुया, बॉबिनी बाजूला सारून तिने आपला लॅपटॉप मांडला.

"काका, घाबरू नका. कॉपी आहे ना?"

"एक रविवार चुकलेला नाही," मिस्त्री म्हणाला. त्याही परिस्थितीत आवाजात थोडी ऐट होती.

काळ्या पेनड्राइव्हमधून दोन हजारांवर फोटो निघाले, सगळे नीट, तारीखवार. भाचीचा जीव भांड्यात पडला. "आता मावशीचा द्या." तिने लाल लावला. बराच वेळ ती वर खाली करत राहिली. "काका, यातही फोटोच आहेत. डेटाबेस कुठाय?"

"ते तुझी मावशी करायची."

"हो, पण ती केलेली जुनी कॉपी? ती तरी असेल ना?"

"जागा नव्हती गं," तो म्हणाला. "साइट चालूच होती."

भाचीने झापलं असतं तर बरं झालं असतं, असं मिस्त्रीला वाटलं. पुसलेलं परत काढायचा एक उपाय तिने करून पाहिला, पण त्या जागेवर मिस्त्री दर रविवारी नवीन फोटो लिहीत आला होता. कंपनीचा फोन लागेना. संध्याकाळ होत आली तेव्हा तिने खुर्ची मागे सरकवली.

"एकच मार्ग दिसतोय. मावशीची उत्तरं लोक उचलून दुसरीकडे कुठे कुठे चिकटवायचे. तिचं एखादं वाक्य जसंच्या तसं मिळालं, तर त्यावरून शोधता येईल. तुम्ही सांगा, मी टाइप करते."

मिस्त्री आठवू लागला. कुठल्या फोटोत कुठला स्क्रू आहे ते त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. चष्मा कपाळावर चढवून टाइप करणारी ती आठवली. मधेच आपल्याशीच हसायची. "अहो, ऐका ना, काय लिहिलंय बघा," अशी हाक मारायची, दिवसातून दोनदा, तीनदा. आणि मशीनखालून डोकं न काढता त्याचं ठरलेलं, "टाकून दे तू, मी नंतर वाचतो."

"काका? एखादंच. थोडं चुकलं तरी चालेल."

"मी वाचलंच नाही गं," तो म्हणाला. "एकही नाही."

भाचीने हळूच कीबोर्डवरची बोटं उचलली.