बसवलेली लॉरी

अप्पा गेले त्याच महिन्यात आमच्या लॉरीला थरथर लागली. घरातल्या माणसांनी या दोन गोष्टींचा जो संबंध लावला तो चुकीचा होता. पण संबंध होता.

लॉरी म्हणायला लॉरी. मुळात ती कुणा साहेबाची चार माणसं बसायची मोटार. तिचा मागचा भाग कापून तिथं फळ्यांचा हौदा बसवलेला. अप्पांनी ती जुनीच विकत घेतली. त्याआधी ते बैलगाडीनं स्टेशनवरून सुताचे गठ्ठे विणकरांच्या पेठेत पोचवत. लॉरी आल्यावर तेच काम जास्त झपाट्यानं होऊ लागलं, आणि परतीला जोंधळा, मिरच्या, कडबा असं मिळेल ते. दादा, माझा थोरला भाऊ, ती चालवायचा. त्याला शाळा मानवली नव्हती. मला ती इतकी मानवली की मी शिकून पुन्हा शाळेतच मास्तर म्हणून जाऊन बसलो.

आमच्या घरात खंडेनवमीला हत्यार ‘बसवायची’ पद्धत होती. माढ्याकडे शेती होती तेव्हा नांगर आणि कुऱ्हाड बसवत. शहरात आल्यावर लॉरी. ती गावाबाहेरच्या विहिरीवर नेऊन धुवायची, झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. मग दसऱ्याच्या पूजेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. ज्यानं बसवली त्यानंच उठवायची, असाही एक नियम होता. तो कुणी केला हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून तो मोडायचा कसा हेही माहीत नव्हतं.

त्या नवमीला अप्पांनी स्वतः बादल्या ओतल्या. चाकांच्या आतल्या बाजूलाही पाणी मारलं. दादा म्हणाला, “अप्पा, बास की. म्हैस हाय का ती?” अप्पा म्हणाले, “म्हशीपरीस जास्ती दूध देती.” घरी आणून त्यांनी लॉरी अंगणात लिंबाखाली उभी केली आणि हँडब्रेक ओढला. त्यांची ओढायची रीत अशी की दात्यांवरून कर्र असा लांब आवाज येई आणि शेवटच्या दात्यावर येऊन थांबे. पूजा झाली. रात्री जेवले. पहाटे ते उठले नाहीत.

दसरा झाला नाही. लॉरीची पूजाही उचलली गेली नाही. माणसं येत होती, बसत होती, त्यातली काही लॉरीच्या सावलीला बसत होती. बॉनेटवरची झेंडूची फुलं वाळून काळी झाली तरी ती कुणी काढली नाहीत.

तेराव्यानंतर मामा माढ्याला परत निघाला. त्याला स्टेशनवर सोडायला म्हणून दादानं लॉरी काढली. म्हणजे काढायला गेला. इंजिन सुरू झालं, गिअर पडला, पण लॉरी जागची हलेना. मागची दोन्ही चाकं जमिनीत रोवल्यासारखी. हँडब्रेक तर त्यानं सोडला होता. शेजारची एक म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, “मालकाला हुडकतीया बगा.” आई दारात उभी होती. तिनं हे ऐकलं.

दादानं मागंपुढं असे दोन हिसके दिले. खाली कुठंतरी कडकन आवाज झाला आणि लॉरी सुटली.

मामा पुढं दादाशेजारी बसला, मी मागं हौद्यात. सपाटीवर सगळं ठीक चाललं. पुलाकडच्या उतारावर एक बैलगाडी आडवी आली म्हणून दादानं ब्रेक दाबला, आणि लॉरी थरथरायला लागली. पत्रे वाजायला लागले, फळ्या वाजायला लागल्या, माझे दात एकमेकांवर आपटले. ब्रेक सोडला की शांत, दाबला की पुन्हा तेच. लॉरी पुरती थांबायच्या आतच मामानं खाली उडी मारली होती. त्याचा पटका आत राहिला.

“अंगात आल्यावानी करतीया की रं!” तो रस्त्यातूनच ओरडला.

“बसा मामा, काय न्हाय हुत.”

“तूच बस. मी चालत जातो.”

तो स्टेशनला गेला नाही, उलट पायी आमच्या घरी परत आला आणि आईपुढं बसून सगळं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, “इका ती.”

दादा उभाच होता. “आगं, ब्रेकचं काय तरी झालंय. दुरुस्त हुतंय.”

“एक गेलं. दुसरं मला घालवायचं न्हाय.”

माळशिरसकडचे एक ऊसवाले बागायतदार मामाच्या ओळखीचे होते; त्यांना गाडी हवी होती. मामा त्यांना येत्या बाजाराच्या दिवशी घेऊन येणार असं ठरलं. दादाचंही ठरलं: लॉरी गेली की त्यानं माढ्याला मामाच्या शेतावर जायचं. मामा वाईट माणूस नव्हता. त्यानं हे सगळं मायेनंच ठरवलं होतं. पण दादाला गाडी चालवता येत होती आणि दुसरं काही येत नव्हतं, आणि ते त्याला स्वतःला पक्कं माहीत होतं. त्यानं आईकडं एकच मागणी केली: बाजारापर्यंत थरथर गेली तर लॉरी राहील. आई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

स्टेशनरस्त्याला एक मिस्त्री होता. शहरातल्या निम्म्या मोटारी आपल्या हाताखालून गेल्या आहेत असं तो सांगायचा, आणि उरलेल्या निम्म्या येतील असंही. दादा त्याला उस्ताद म्हणायचा, तो दादाला मालक. त्यानं लॉरीभोवती एक फेरी मारली.

“थरथर कुठं लागती मालक? हाताला का बुडाला?”

“समदीकडंच लागती.”

“सगळीकडं म्हणजे पुढं,” उस्ताद म्हणाला. “पुढचा एक्सल ढिला. दुसरं काही नक्को बघायला.”

त्यानं पुढची चाकं काढली, जिथं ती वळतात तिथल्या खिळ्यांचा ढिलेपणा काढला, सगळं आवळलं, आणि हात पुसत म्हणाला, “आता ताटात पाणी भरून ठेवा, सांडायचं नाही.” आम्ही पुलाच्या उतारावर गेलो. दादानं ब्रेक दाबला. उस्तादनं दोन्ही हातांनी दार धरलं.

“सांडलं की उस्ताद,” दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उस्तादनं मागच्या पाट्यांचे, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगांचे, बोल्ट आवळले. ते खरंच ढिले होते. थरथर थोडी कमी झाली असं उस्तादला वाटलं, मलाही वाटलं. दादाला वाटलं नाही. रात्री मी लॉरीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक काढून बसलो. त्यात ब्रेकच्या थरथरीची सहा-सात कारणं दिली होती. त्यातली दोन उस्तादनं आधीच बघितली होती, आणि बाकीची वाचून दाखवल्यावर दादा म्हणाला, “म्हंजी कायबी असू शकतं.” ते खरं होतं. पुस्तक पावसाळी नक्षत्रांच्या भाकितांसारखं होतं, काही सुटू नये अशा बेतानं लिहिलेलं.

बाजार जवळ येत चालला. आई त्या दिवसांत लॉरीच्या बाजूनं अंगणात येतच नसे. मागल्या दारानं जाई.

शेवटी दादालाच सुचलं. पायाचा ब्रेक चारही चाकांना धरायचा, हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. त्यानं सपाट रस्त्यावर लॉरी हळू चालवली, पाय काढून घेतला आणि हँडब्रेक थोडा थोडा ओढत गेला. थरथर तीच. म्हणजे दोष मागं. उस्ताद ते ऐकून म्हणाला, “हौ, मी तेच म्हणणार होतो.”

मागची बाजू जॅकवर उचलली. दादानं हँडब्रेक जेमतेम टेकेल इतकाच लावला, आणि उस्ताद चाक हातानं फिरवू लागला. चाक फिरायचं, एका जागी अडायचं, जोर लावला की सुटायचं, मग पुन्हा बरोबर समोरच्या दुसऱ्या जागी अडायचं. माझ्या खिशात शाळेतला खडू होता. जिथं अडेल तिथं मी टायरवर रेघ मारली. कितीही फेरे दिले तरी रेघ येऊन त्याच जागी थांबे. दुसऱ्या बाजूचं चाकही तसंच.

मग ड्रम काढला. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारी खोलगट लोखंडी परात. तिच्या आत दोन वाकडे पट्टे असतात, त्यांवर पकड घेणाऱ्या लायनिंगचा थर बसवलेला असतो. ब्रेक लावला की ते पट्टे फाकून परातीच्या काठाला आतून दाबून धरतात. काठ आतून चकचकीत असायला हवा होता. तिथं समोरासमोर दोन तांबूस डाग होते, लांबट, पट्ट्यांच्याच आकाराचे. गंज नुसता नव्हता. लायनिंगचा पापुद्रा त्या गंजाला चिकटून उचकटून आला होता. पट्ट्यांवर तेवढ्याच आकाराचे खळगे होते.

उस्तादनं डागावरून नख फिरवलं. “ही गाडी ओली उभी होती. ब्रेक लावून. कधी?”

“नवमीला धुतली,” दादा म्हणाला.

“मग?”

“मग अप्पा गेले.”

उस्तादनं ड्रम दोन्ही हातांनी हळूच खाली ठेवला. तेवढ्यापुरतं ते त्याच्यासारखं नव्हतं. दादा ड्रमकडं बघत होता. मला तो कर्र आवाज ऐकू आला, पण तो मी सांगितला नाही. दादालाही येत असणार. अप्पांनी ब्रेक ओढून ठेवला होता आणि सुतकाचे सगळे दिवस तो तसाच, ओल्या चाकांना धरून राहिला होता. त्या दिवशी जे कडकन वाजलं ते लायनिंग फाटल्याचं होतं.

“पॉलिश कागदानं घासून बघतो,” उस्ताद म्हणाला.

“जाईल?”

“वरवरचं जाईल.”

दादानं बोट एकदा त्या डागाच्या कडेनं फिरवलं, पुसल्यासारखं. “लेथवर धर,” तो म्हणाला.

उस्तादच्या ओळखीचा एकजण एका गिरणीच्या कारखान्यात लेथवर होता. दोन्ही ड्रम दुपारच्या सुट्टीत त्यानं आतून कातून दिले. हत्याराच्या टोकाखालून आधी तांबडी भुकटी पडली, मग राखाडी, मग लोखंडाच्या बारीक कुरळ्या कातळ्या. किती थोडं निघालं याचं मला आश्चर्य वाटलं, ओंजळभरही नव्हतं. पट्ट्यांना नवीन लायनिंग लावून उस्तादनं रिबिटा ठोकल्या. संध्याकाळी उतारावर लॉरी उभी राहिली ती एखादी वही मिटावी तशी.

दादानं घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई चुलीपुढं होती. तिनं मान वर केली.

“मंजी त्यांनी वढलेला बिरेक?”

“व्हय.”

“आन् तेरा दिस घरात एवडी मानसं, एकाच्यानं सोडवला न्हाय?”

“बसवलेली गाडी कोन उठवनार, आये?”

“येवडं मोटं मास्तर झालंय ह्ये,” ती माझ्याकडं हात करून म्हणाली, “ह्येला बी सुचलं न्हाय?” आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. अप्पा गेल्यापासून ती कुणावर रागावली नव्हती. आम्हा दोघांना ते ऐकून बरं वाटलं.

बाजाराच्या दिवशी मामा बागायतदारांना घेऊन आला. धोतर पांढरंशुभ्र, हातात छत्री. ते लॉरीभोवती फिरत असतानाच आई मागल्या नाही, पुढल्या दारानं बाहेर आली, पदर सावरून लॉरीच्या पायरीवर चढली आणि पुढं बसली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. मामा म्हणाला, “आक्का, तू कुटं?”

“पुलापतुर. तू येनार?”

मामा मागं हौद्यात बसला, दोन्ही हातांनी पटका धरून. बागायतदार त्याच्याशेजारी, मी त्यांच्यासमोर. मागच्या खिडकीतून मला आईचे हात दिसत होते, मांडीवर एकावर एक ठेवलेले. उतारावर दादानं ब्रेक दाबला. लॉरीचा वेग कमी कमी होत गेला आणि ती थांबली. काहीही वाजलं नाही. आईनं हात हलवले नाहीत. ती काचेतून समोर बघत राहिली, आणि मग म्हणाली, “आनी एकदा.” दादानं लॉरी वर नेऊन पुन्हा उतरवली.

खाली उतरल्यावर बागायतदार खूश दिसले. “गाडी झकास हाय. मी काय घासाघीस करणार न्हाय.”

मामाचा चेहरा खुलला. “बगितलं आक्का? चांगल्या वक्ताला नीट झाली. भाव बी येईल.”

आता दादानं माझ्याकडं पाहिलं. इतके दिवस थरथर काढायच्या नादात हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं, माझ्याही नाही: विकायची गाडी जितकी चांगली तितकी लवकर जाते.

आई पायरीवरून सावकाश खाली आली. “पाव्हणं,” ती बागायतदारांना म्हणाली, “च्या घिऊन जावा. तुमच्या उसाला गाडी लागली तर निरोप धाडा. थोरला इल. भाडं मातर रोख लागंल.”

बागायतदार हसले. मामा हसला नाही. आपण ज्यासाठी आलो ते नेमकं कधी बदललं हे तो अजून शोधत होता. दादा पुढं गेला, बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत डोकं घालून उभा राहिला. आत बघण्यासारखं काही नव्हतं.