कंट्रोल-सी दाबलं तरी घड्याळ थांबेना

मंडळी, सकाळपासून डोकं चालेनासं झालंय. जाणकारांनी जरा सांगा.

आमच्या कोपरगावच्या कॉलेजात मुलांसोबत छोटा शेल लिहितेय. म्हणजे आपण कमांड दिली की दुसरा प्रोग्रॅम चालू करून देणारा प्रोग्रॅम. कालपर्यंत कंट्रोल-सी दाबलं, म्हणजे 'थांब' असा सिग्नल दिला, की चालू प्रोग्रॅमबरोबर शेलही मरायचा. म्हणून मी शेलच्या सिग्नलवाल्या फाईलीत एक ओळ टाकली: या सिग्नलकडे दुर्लक्ष कर.

आज प्रात्यक्षिकात रूपालीनं घड्याळाचा प्रोग्रॅम चालवला. "मॅडम, थांबंना हो! लई येळा दाबलं."

दोन तासांनी कळलं. शेलनं चालू केलेला प्रोग्रॅम शेलचं दुर्लक्षही सोबत घेऊन जातो. प्रोग्रॅम चालू करण्याआधी ते पुसायला हवं होतं. पुसलं, घड्याळ थांबलं.

पण सिग्नल आल्यावर काय करायचं ते शेलमध्ये नीट लिहून दिलं, तर ते नव्या प्रोग्रॅमकडे जात नाही. दुर्लक्ष तेवढं जातं. असं का? मी वर्गालाच विचारलं.

रूपाली म्हणाली, "आमचे आप्पा आईच्या हाकेला ओ देत न्हाईत. दादाला कुनी शिकवलं न्हाई, तरी त्योबी देत न्हाई."

आता हिला मी काय उत्तर देऊ?