सूर्यासाठी थांबणारी रिक्षा

डोंबिवलीपासून लांब, शेतांत उभ्या राहिलेल्या आमच्या बिल्डिंगकडे एकच शेअर रिक्षावाला यायचा. तिथल्याच गावचा, मोजकं बोलणारा. संध्याकाळी एका वळणावर तो रिक्षा बंद करायचा आणि मुंब्र्याच्या डोंगरामागे सोनेरी सूर्य बुडेपर्यंत बघत बसायचा. मागे बसलेल्या शिक्षिका बाई चिडायच्या, "अहो, चला ना, उशीर होतोय!"

"बाई, तो थांबत नाय, म्हनून मी थांबतो."

पुढे त्या वळणावर टॉवर उभा राहिला आणि डोंगर दिसेनासा झाला. दोन दिवस तो त्या वळणावरून न थांबता सरळ पुढे गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या सातव्या मजल्यावरच्या घराची बेल वाजली. दारात तो, मागे बाई धरून तीन पॅसेंजर.

"तुमची गॅलरी पश्चिमेला हाय ना?"

ऊन येतं म्हणून आम्ही कायम ओढून ठेवलेला पडदा त्याने सर्रकन बाजूला केला. आम्ही पाचही जण कठड्याशी उभे राहिलो. डोंगराची कड सोन्यासारखी पेटली आणि बाईसुद्धा घड्याळ बघायचं विसरल्या.

सूर्य बुडाल्यावर मी म्हणालो, "चहा घेऊन जा."

"नको," चपला घालत तो म्हणाला, "एक पॅसेंजर खाली रिक्षात बसलाय. त्याला उंचीची भीती वाटते. कसा दिसला ते त्याला वाटेत सांगाचा हाय."