गावपळण, जावई आणि बुकिंगची फाइल

फाइल डावीकडून उजवीकडे ओढायची. काम एवढंच. डाव्या चौकटीत आपल्या कॉम्प्युटरमधल्या फाइली, उजव्या चौकटीत कुठल्याशा परदेशातल्या सर्व्हरवरच्या. दुरुस्त केलेलं पान डावीकडून उचललं, उजवीकडे टाकलं, की साऱ्या जगाला दिसायला लागलं. उजवीकडचं डावीकडे ओढलं, की आपल्या घरी प्रत आली. एवढ्यासाठी पुण्यामुंबईत माणसं गळ्यात पट्टा अडकवून काचेच्या इमारतीत बसतात आणि संध्याकाळी मान दुखते म्हणून सांगतात. मी हेच काम मालवण तालुक्यातल्या एका गावात, झेरॉक्स मशीन आणि भिंत यांच्यामधल्या दीड हात जागेत, लुंगीवर बसून करतो. माझी मान कधी दुखली नाही. दुखलीच तर शहाण्यांच्या अकलेचा तळ वाकून शोधताना दुखते.

माझ्याकडे साइट सांभाळायला दिलेले नऊ होमस्टे आहेत, चार पर्यटकांना पाण्यात बुडवून वर काढणारे स्कूबावाले आहेत आणि एक आंबेवाला आहे, ज्याच्या साइटवर ऐन श्रावणातही हापूस ‘उपलब्ध’ असतो. या सगळ्यांत नेटका कारभार एकाच बाईचा. खाडीच्या कडेला तिचा होमस्टे. गाव तिला काकी म्हणतं, मीही म्हणतो. पाहुणा साइटवर नाव, फोन नंबर आणि तारीख भरतो, ते सर्व्हरवरच्या एका फाइलीत जातं, काकी मोबाईलवर उघडून बघते आणि वहीत उतरवून ठेवते. नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करणं तिच्या स्वभावात नाही. तिच्या यादीत सगळे मिळून अकरा नंबर, त्यातला एक गॅसवाल्याचा.

काकीच्या या सुरळीत संसारात बिब्बा घातला तो तिच्या जावयाने. जावई पुण्यात मोठ्या कंपनीत. काय करतो हे त्याच्या बायकोलाही नीट सांगता येत नाही. ‘क्लाउडमध्ये आहे’ म्हणते. दिवाळीला आला की तो माझ्या दुकानात येऊन माझ्या कॉम्प्युटरकडे अशा नजरेने बघतो, जशी आपण वाटेत मरून पडलेल्या बेडकाकडे बघतो. “तुम्ही अजून हाताने फाइली ओढता?” असं त्याने मला विचारलं होतं. मग काकीच्या साइटची अख्खी प्रत आणि सर्व्हरचा पासवर्ड आपल्या लॅपटॉपवर घेऊन गेला. “मी बघतो जरा सुधारणा करून,” म्हणाला. जावई पडला. काकी काय बोलणार? तिने त्याला आणखी दोन सोलकढ्या वाढल्या.

पुढचं समजायला आमच्या गावची एक रीत ठाऊक हवी. दर काही वर्षांनी आमचं अख्खं गाव पळतं. देवाचा कौल झाला, की तीन दिवस तीन रात्री गावाच्या शिवेच्या आत माणूस राहायचा नाही. गुरं, कोंबडे, कुत्रे, मांजरं, तान्ही पोरं, अंथरुणावरची म्हातारी, सगळी शिवेबाहेर. चुली विझवायच्या, दिवे बंद करायचे, दारं ओढून घ्यायची. गावात तेवढे दिवस देव एकटा फिरतो. आम्ही व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, माळावर मांडव घालून राहतो, आणि खरं सांगायचं तर मजेत राहतो. ही गोष्ट घडली त्या वर्षी आमच्या माळावर इतके कोंबडे जमले होते, की पहाटे ते आरवले तेव्हा आंबोलीच्या घाटातले ट्रक हॉर्न समजून बाजूला झाले. तीन दिवसांनी पुन्हा कौल लावायचा. देवाने हो म्हटलं तर परत. नाही म्हटलं तर आणखी एक दिवस.

काकीचा हिशेब चोख होता. पळणीचे तीन दिवस तिने रिकामे ठेवले. चौथ्या दिवशी दुपारी सोलापूरहून बावीस माणसं येणार होती. शिवेबाहेर येताना तिने सोळा कोंबड्या, दोन म्हशी, लोणच्याची बरणी आणि दिवंगत नवऱ्याची छत्री आणली. वही घरात राहिली. “साइट आसा मगे. मोबाईलार बघतंय,” म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी कौल लावला. देवाने नाही म्हटलं.

मांडवात कुणाला फार वाईट वाटलं नाही. पत्त्यांचा डाव अर्धा होता. काकी मात्र ताठ उभी राहिली. बावीस माणसं रस्त्यावर होती. येऊन बघणार काय, तर बंद दारं आणि निर्मनुष्य रस्ता. तिच्या शिरोड्याच्या बहिणीकडे खोल्या रिकाम्या होत्या, पण बहीण त्या दुपारपर्यंतच राखून ठेवायला तयार होती. पाहुण्यांना घाटातच गाठून सांगायचं, की मालवणकडे वळू नका, आजची रात्र शिरोड्याला जा. एक फोन. काकीने मोबाईलवर बुकिंगचं पान उघडलं आणि मला हाक मारली.

“रे मेल्या, हयसर ये! ह्या काय झाला ता?”

पानावर गेल्या दिवाळीची बुकिंगं होती. त्यानंतरचं सगळं साफ. सोलापूर नाही, कोल्हापूर नाही, कुणीच नाही. वर मात्र नवा निळा रंग आणि हलणारा डॉल्फिन.

मी जावयाला फोन लावला. कामावर असताना त्याचा आवाज दोन इंच खाली जातो.

“हां, मीच सकाळी नऊला नवीन डिझाइन टाकलं. सिंक केलं. लॅपटॉपवर आहे तसं सर्व्हरवर. जुनं आधी सगळं डिलीट करून घेतलं, म्हणजे कसं, स्वच्छ.”

“बुकिंगची फाइल?”

“तीही आहे की फोल्डरमध्ये.”

“ती दिवाळीची आहे. सर्व्हरवर आजची होती.”

तिकडे कीबोर्ड खडखडला. मग म्हणाला, “सर्व्हरवाल्या कंपनीकडे बॅकअप असेल ना? मेल टाका. दोन दिवसांत उत्तर देतात.”

दोन दिवसांत! याला लग्नात पाच तोळ्यांची साखळी घातली होती. मी ती डोळ्यांनी पाहिली आहे.

“काय म्हणता तो?” काकीने विचारलं.

“स्वच्छ केलंय म्हणता.”

“शिरा पडो तेच्या... ” एवढं म्हणून काकी थांबली. जावई पडला. उरलेला शब्द तिने गिळला, पण कोंबड्या दचकल्या.

आता मला एक कबुली द्यावी लागणार होती. बुकिंगच्या फाइलीची चांगली प्रत जगात एकाच ठिकाणी होती, माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर. रोज दुपारी बरोबर बाराला तो आपणहून सर्व्हरवरच्या फाइली उतरवून जुन्यांच्या जागी ठेवतो. काल बाराला त्याने चांगली फाइल उतरवली होती. आज बाराला तो जावयाची स्वच्छ फाइल उतरवून तिच्या डोक्यावर बसवणार होता. साडेदहा वाजले होते. दुकानात जाता येत नव्हतं. मोबाईलवरून मात्र मी तो कॉम्प्युटर चालवू शकत होतो, कारण तो चालू होता. आणि तो चालू नसायला हवा होता. शिवेबाहेर पडताना मी चार माणसांत छाती पुढे काढून सांगितलं होतं, की दुकानाचा मेन स्विच पाडला.

मांडवात देवळाचे मुख्य मानकरी बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, बोलणं मोजकं. काकीने मला त्यांच्यासमोर उभं केलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

“लायट चालू ठेवलंस?”

“व्हय, काकानू.”

“आनी सांगलंस बंद केलंय म्हणान. देवाक फसवलंस.”

“देवाक नाय. तुमका.”

मांडव हसला. मानकरी हसले नाहीत.

“ह्या मोबाईलातसून तू थंयलो कॉम्प्युटर चालवतलंस. म्हणजे तू गावात गेलंस काय नाय?”

“मी हयसरच बसतलंय.”

“पाय?”

“हयसर.”

“हात?”

“हयसर.”

“मगे थंय हलता कोण?”

“पडद्यार एक बाण हलता.”

“कोणाचो?”

“माझो,” मी म्हणालो. माझा आवाजही जावयासारखा दोन इंच खाली गेला.

यावर मांडवात जी चर्चा झाली, तशी दिल्लीत झाली असती तर देशाचं भलं झालं असतं. पत्ते खाली ठेवून एकजण म्हणाला, “देव एकटो फिरता गावात. तेच्या पायात हेचो बाण इलो तर?” एका म्हातारीने त्याला तिथल्या तिथे उडवलं. “टॉवर खंय आसा रे? गावातच मां? तीन दिस मुंबयक बायलेक फोन करतंस, तेव्हा तुजो आवाज गावातसूनच जाता. तो खंय शिवेर थांबता?” त्याने पत्ते पुन्हा उचलले.

काकी एवढंच म्हणाली, “माझ्या दारातसून आजवर पाव्हणो उपाशी गेलो नाय. शिवेर उभी रवान बावीस जणांका परत लावू? सांगा तुमी. सांगशात तर लावतंय.”

मानकऱ्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “बाण माणूस न्हय. पण एकदाच. काम झाला की थंयली लायट बंद. गाव भरासर परत उघडूची नाय. आनी खोटा बोललंस म्हणान मांडवाचा पाणी आजपासून तू हाडतलंस.”

आणि गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान लबाडी केली ती पोटात घाल. ह्या बायचे पाव्हणे वाटेक लाव. आनी हेच्या मोबाईलाची रेंज हयसरच ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळा मांडव ओरडला. रेंजसाठी एवढ्या जिवाने आमच्या आमदारालाही कुणी साकडं घातलं नसेल.

मांडवात फोन लागायचा, पण कॉम्प्युटर चालवण्याइतकी रेंज सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, एका काजूखालीच यायची. काकी माझ्यासोबत चढली, काखेत एक कोंबडी. बहुधा चिडलेल्या भरात तिला खाली ठेवायचं राहून गेलं होतं. पाऊण तास कॉम्प्युटर लागलाच नाही. देव दुकानात असावा. मग अकरा चाळीसला मोबाईलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर माझं दुकान उघडलं. मुंगीएवढी डावी चौकट, मुंगीएवढी उजवी.

मी बुकिंगची फाइल उघडली आणि नंबर वाचायला लागलो. काकी एकेक आकडा आपल्या मोबाईलवर दाबत गेली. घंटी गेली आणि तिची भाषा एकदम तहसीलदाराच्या कचेरीत गेल्यासारखी झाली.

“नमस्कार. आपण कुठपर्यंत आलात? आंबोली? भजी खाताय? खा, खा. एक विनंती आहे.”

तिचं बोलणं चालू असताना मी दुसऱ्या कामाला लागलो. फाइल सर्व्हरवर परत ठेवायला हवी होती, नाहीतर बाकीचे पाहुणेही दिवाळीत अडकले असते. हजारो वेळा केलेलं काम. पण त्या दिवशी ओढण्याआधी मी डावं-उजवं दोनदा बघून घेतलं. उलट दिशेला ओढली असती, तर चांगली फाइल माझ्याच हाताने मेली असती, आणि मग मला पुण्यात नोकरी मिळायला काहीच हरकत नव्हती. पडद्यावर प्रश्न आला: सर्व्हरवरची फाइल बदलायची का? मी तो तीन वेळा वाचला, चौथ्यांदा काकीला वाचून दाखवला.

“माका कित्याक इचारतंस? तू हेच्यार पोट भरतंस मां?”

मी ‘हो’ दाबलं. अकरा सत्तावन्न. पान पुन्हा उघडलं. सोलापूर परत आलं होतं, कोल्हापूर आलं होतं, सगळे आले होते. मग शब्द दिल्याप्रमाणे मी दुकानातला कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा झाला आणि गावात खरंच कुणी उरलं नाही.

पाहुणे शिरोड्याला गेले. मी दिवसभर व्हाळाचं पाणी वाहिलं. मानकऱ्यांनी त्या दिवशी तीनदा पाय धुतले.

पाचव्या दिवशी देवाने हो म्हटलं. गाव भरलं. मी दुकानाचं शटर वर करतोय तोवर काकी आत येऊन माझ्या खुर्चीत बसली.

“पासवर्ड खंय बदलतत?”

दाखवलं. तिने मला झेरॉक्स मशीनकडे तोंड करून उभं केलं आणि एका बोटाने, पाच मिनिटं घेऊन, नवा पासवर्ड घातला. मग जावयाला फोन लावला.

“जावयबापू, साइट आता मीच बघतलंय. तुमका कित्याक तरास.”

“अहो आई, पण तुम्हाला जमेल का ते?”

“बावीस जणांचा जेवण जमता, ह्या जमाचा नाय? तुमच्या लॅपटॉपार माझा काय आसा ता सगळा पुसून टाका. स्वच्छ.”

मी मशीनवर हात ठेवून खदखदून हसलो.

“तू कित्याक हसतंस?” काकी म्हणाली. “लायट बंद केलंय म्हणान सांगणारो तू. तुकाय पासवर्ड मेळाचो नाय.”

तेव्हापासून ती दर सोमवारी स्वतः दुकानात येते, मला बाहेर बाकड्यावर बसवते, फाइली इकडून तिकडे करते, एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन तांदळाच्या पिंपात ठेवते आणि जाताना माझा मेन स्विच स्वतःच्या हाताने बघून जाते. पासवर्ड मला अजून ठाऊक नाही. माझ्या हातातल्या साइटी अधूनमधून पडतात. तिची एकदाही पडलेली नाही, पण हे मी गिऱ्हाइकांना सांगत बसत नाही.