धोंड्याच्या महिन्यातला कोलंबस

आमचे दाजी रामकिसन औरंगाबादेत एका शाळेत इतिहास शिकवायचे. पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षं झाली होती. लोक अजून रझाकारांच्या गोष्टी सांगायचे आणि दाजी अमेरिकेच्या. "पुस्तकवाल्यांचं ऐकू नका, जो जहाजावर होता त्याचीच रोजनिशी वाचा," हे त्यांचं पालुपद.

धोंड्याचा महिना लागला तसे ते जावयाचा मान घ्यायला देवगाव रंगारीला आमच्या घरी आले. एक दिवस जेवून जायचं, तर आठवडा झाला तरी हलायचं नाव नाही. माझ्या बाजेवर त्यांनी पहिल्याच दिवशी कब्जा केला होता. आई रोज पाट्यावर पुरण वाटायची, आणि दाजी बाजेवरून आम्हाला कोलंबसाची रोजनिशी सांगायचे.

त्या दिवशी जेवताना म्हणाले, "तिथले लोक लई भोळे. मागंल ते हसत आणून द्यायचे. साक्षात देवच उतरलेत, असं त्यांना वाटायचं. त्यानं स्वतः लिहिलंय."

आईनं विचारलं, "आन् त्या लोकांनी काय लिवलंय?"

"त्यांचं लिहिलेलं काहीच नाय. पण कोलंबस स्वतः तिथं हजर होता ना!"

आईनं त्यांच्या ताटात आणखी एक पुरणाचा धोंडा वाढला, त्यावर तुपाची धार सोडली आणि अगदी गोड हसली.

"व्हय की. तुमीबी इथं हजर हाय, जावईबापू. तुमीबी लिवाल, सासू रोज हसत वाढायची म्हणून."