हिरड्यांच्या बाई

बिबवेवाडीतल्या आमच्या दातांच्या डॉक्टरांना सगळे ‘हिरड्यांच्या बाई’ म्हणत, कारण खुर्चीत बसलेल्या माणसाच्या दातांकडे त्या आधी बघतच नसत. आयटीची लाट नुकती आली होती. अमेरिकेला निघालेली आमच्या कंपनीतली पोरं दात पांढरे करून घ्यायला त्यांच्याकडे जायची. मीही गेलो. “रंगरंगोटी नंतर करू जी,” बाई म्हणाल्या, “आधी भिंतीची ओल पाहू द्या.”

अर्धं आयुष्य पुण्यात काढूनही त्यांचं नागपूरचं ‘जी’ सुटलं नव्हतं. हात मात्र जड. खुर्चीतला प्रत्येक जण कळवळून “हळू” म्हणायचा आणि बाई मान वर न करता म्हणायच्या, “हळूच तर करून राहिली ना जी.”

तोंडातले जंतू गिळले की पोटात जातात, हिरडी फुटली की रक्तात, आणि रक्त तर मेंदूपर्यंत जातं, हे त्यांचं आवडतं कीर्तन. “म्हणजे दात न घासल्यानं पक्षाघात होतो?” मी एकदा खवचटपणे विचारलं.

“तसं सिद्ध नाही झालं अजून. संशय आहे. संशय आला की चोराला घरात ठेवता का तुम्ही?”

पुढे आमच्या अण्णांनाच, म्हणजे वडिलांना, पक्षाघात झाला. वाचा गेली, नाकातल्या नळीतून पेज सुरू झाली. बाई भेटायला आल्या आणि आधी त्यांनी अण्णांचं तोंड उघडून पाहिलं. जिभेवर जाड थर साचला होता. आई म्हणाली, “अहो, तोंडानं काही खातच नाहीत, तर दात कशाला घासायचे?” आम्हा सगळ्यांना ते पटलेलंच होतं.

“जेवण यांचं बंद आहे वहिनी, जंतूंचं नाही. ही घाण छातीत उतरली तर न्यूमोनिया होईल.”

त्या दिवसापासून दुपारी दवाखाना बंद केला की बाई आमच्याकडे यायच्या. अण्णांना कुशीवर वळवून, मऊ ब्रशनं त्यांचे दात घासायच्या. आईला शिकवून झालं तरी येत राहिल्या. सख्ख्या बहिणीनंही इतकं केलं नसतं. बाईंची बडबड चालू असायची, अण्णा भिंतीकडे बघत असायचे. ते पुन्हा बोलतील ही आशा आम्ही सोडून दिली होती.

एका दुपारी ब्रश जरा जोरात लागला. अण्णांचे ओठ वाकडे हलले आणि घोगरा शब्द आला, “हळू.”

आई स्वयंपाकघरातून धावत आली. बाईंनी सवयीनं “हळूच तर...” म्हणायला सुरुवात केली आणि अर्ध्यावरच मान वर करून अण्णांकडे पाहिलं. कुणाच्या सांगण्यावरून त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.